नाकसाहेबांचा चमचा

मी एक चमचा आहे. साखर ढवळणारा नव्हे, आणि औषध पाजणारा तर नव्हेच. माझं तोंड गोल आणि खोलगट, दांडा आखूड. चार-पाच कॉफ्या शेजारी शेजारी मांडून चाखायच्या आणि त्यातली उजवी कुठली ते ठरवायचं, एवढ्याच कामासाठी मला घडवलं.

कारखान्यात यंत्राने एका फटक्यात मला पत्र्यातून कापलं आणि दुसऱ्या फटक्यात माझं पोट दाबलं. मग पॉलिशवाल्याने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. "ओठाला लागायला नको," तो म्हणाला. मला झालेला माणसाचा पहिला स्पर्श तो.

मला विकत घेतलं एका तरुणाने. कॉफीच्या गोदामात त्याला नुकतीच नोकरी लागली होती. आलेल्या प्रत्येक मालाचा नमुना चाखायचा आणि शेरा लिहायचा, हे त्याचं काम. पुढे त्याचं नाक असं तयार झालं, की कुठल्या पोत्याला रंगाच्या डब्याशेजारी ठेवलं होतं हेही तो सांगायचा. लोक त्याला नाकसाहेब म्हणू लागले आणि त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं.

चाखताना जोरात भुरका मारावा लागतो. त्याने कॉफी जिभेभर पसरते आणि वास वर चढतो. गोदामात त्या आवाजाला फार मान होता. साहेबांनी सवयीने एकदा सासऱ्यांसमोर सूपचा तसाच भुरका मारला, तेव्हा म्हणे सासरेबुवा दचकून उठून उभे राहिले होते!

तीस वर्षांनी साहेब निवृत्त झाले आणि मला खिशात घालून घरी घेऊन आले. पूर्वी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीने कॉफीचं दुकान काढलं होतं. ती नमुने पाठवायची आणि साहेब हो म्हणतील तोच माल घ्यायची. मग दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पाच सारखे पेले मांडले जायचे. पाणी उकळायच्या, ओतायच्या आणि शेवटी सगळं विसळायच्या त्या काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी. घरात रोजची कॉफीही त्याच करत. पण "तुला कशी लागली?" असं त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा त्यांच्या हाती यायचो तो घासण्यापुरता.

एका हिवाळ्यात साहेबांना जबर सर्दी झाली. ताप उतरला, खोकला गेला, पण गेलेली वासाची जाण काही परत आली नाही. पहिल्या रविवारी ते पेल्यात नाक घालून कितीतरी वेळ बसले. मग दुसऱ्या पेल्यात. मग पहिल्यात पुन्हा. माझा दांडा त्यांच्या घामाने ओला झाला होता. शेवटी त्यांनी बियांचा रंग पाहिला, जुने शेरे आठवले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

कुणाला बोलले नाहीत. भुरका मात्र पूर्वीपेक्षा मोठा मारू लागले.

असे दोन महिने निघाले. मग एके दिवशी स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन करपलं. घरभर वास सुटला. साहेब शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. काकू धावत आल्या, गॅस बंद केला, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि गुपचूप पातेलं घासायला घेतलं.

पुढच्या रविवारी दुकानवाली स्वतः येणार होती. तिला एक मोठा माल घ्यायचा होता. काकूंनी पाणी ओतलं आणि तिसऱ्या पेल्यापाशी त्यांचा हात थबकला. साहेबांनी चाखून लिहिलं, 'स्वच्छ, गोडसर, घ्यायला हरकत नाही.'

"अहो, तिसरा पुन्हा एकदा बघा."

"का? तीस वर्षं हेच केलंय मी."

काकूंनी त्यांच्या हातून मला काढून घेतलं आणि भुरका मारला. पहिलाच भुरका तो, ठसका लागला. पण त्या पुसट आवाजात म्हणाल्या, "ओल्या कपाटात राहिलेल्या बुटांसारखा वास येतोय याला. अहो, तुम्हाला नाही येत?"

साहेब खिडकीकडे बघत राहिले.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"सर्दीपासून."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दुकानवाली आत आली तशी साहेबांनी घाईघाईने शेरा खोडला आणि म्हणाले, "तिसरा नको. माल ओला झालेला आहे."

तिने पेला हुंगला आणि कपाळावर हात मारला. "मला घाईत कळलंच नाही! सर, तुमच्या नाकाला तोड नाही हो."

साहेब हसले. काकू ट्रे उचलून आत निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी मला इतकं घासलं, की मला वाटलं, माझा पत्रा झिजतोय की काय.

पुढच्या रविवारी नमुने आले, तेव्हा काकू भाजी निवडत बसल्या.

"अगं, पाणी?"

"तुमचं नाक, तुमचं पाणी."

साहेबांनी वही मिटली. मग त्यांनी फोन उचलला आणि काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात दुकानवालीला म्हणाले, "तो माल तुझ्या काकूंनी पकडला. मला दोन महिन्यांत कसलाच वास आलेला नाही. आधी ज्या मालाला हो म्हटलंय तोही पुन्हा तपासून घे. आणि मला माफ कर."

"सर," ती म्हणाली, "मग दर रविवारी काकूंचं मत पाठवाल?"

तेव्हापासून मी काकूंचा आहे. साहेबांनी स्वयंपाकघरातला एक साधा चमचा घेतला. आंबट, कडू, कॉफी जड की हलकी एवढं त्यांच्या जिभेला कळतं. बाकीचं काकू सांगतात. साहेब नीट शिकवतात, कधी चिडतात, मग आपणच ओशाळतात. काकूंचे शेरे मात्र त्यांच्या स्वतःच्या भाषेतले असतात. 'नव्या वहीचा वास.' एका उग्र कॉफीला, 'ही बाई फार बोलते.' दुकानवालीला ते बरोबर कळतात.

आता माझी चकाकी गेली आहे, दांड्यावर चरे आहेत. तुमच्या घरीही कुणी रोज कॉफी करून तुमच्यापुढे ठेवत असेल, तर एकदा त्या माणसालाही पहिला घोट द्या आणि तो काय म्हणतो ते ऐका.

मागच्या रविवारी चौथ्या पेल्यापाशी साहेब एकदम थांबले. डोळे चमकले.

"अगं, संत्र्याच्या सालीचा वास! येतोय ना?"

काकूंनी वाकून हुंगलं. मला बुडवून घोट घेतला. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं!

"नाही हो," त्या हलकेच म्हणाल्या. "यात नाहीये."

साहेबांनी मान हलवली, वही ओढली आणि पेन उघडलं. "बरं. मग काय आहे ते सांग. लिहितो मी."