सीताबाईच्या फियाटचं पासिंग

मित्रांनो, मी एक जुनी फियाट आहे. रंग पांढरा. म्हणजे होता. गिअर स्टिअरिंगला, पुढची सीट बाकासारखी सलग, आणि हॉर्न असा की आमच्या काल्हेर गावच्या कोंबड्या अजूनही पंख फडफडवत बाजूला होतात. हसा, खुशाल हसा! नव्या गाड्याही हसतात मला. पण माझ्यावर जे बेतलं ते ऐका, मग हसा.

माझा जन्म कुर्ल्याच्या कारखान्यात झाला, एकोणनव्वद साली. चांगदेवने मला कोरी करकरीत घरी आणली तेव्हा काल्हेरात गोदामं नव्हती, भाताची शेतं होती. त्याच्या बायकोने, सीताबाईने, मला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि सगळ्या आळीला माझ्यात बसवून एक चक्कर मारून आणली. गावातले किती नवरदेव मी लग्नाला नेले! त्या दिवसांत माझी काय ऐट होती म्हणून सांगू.

पण माझं खरं काम होतं बाजाराचं. सीताबाई सुकी मासळी विकायची. बोंबील, जवळा, सोडे, आणि मिठात मुरवलेला खारा. पडघ्याच्या आठवडी बाजाराला चांगदेव मला चालवायचा, मागच्या सीटवर टोपल्या आणि पुढे सीताबाई. तिचे गुडघे गेलेले होते. टेम्पोत तिला चढता येत नसे, रिक्षात टोपल्या मावत नसत. माझं दार मात्र तिला बरोबर उंचीचं होतं. बसली की म्हणायची, "चल गो माजे बाय." मला इंजिन सुरू व्हायच्या आधीच हुरूप यायचा.

पुढे शेतांवर गोदामं उभी राहिली, भाडं येऊ लागलं. त्यांचा मुलगा भावेश आता भावेशशेठ झाला. त्याने स्वतःसाठी उंच, चकचकीत जीप घेतली. त्या जीपमध्ये खाऱ्याची टोपली? नावच काढू नका! माझ्याजवळून जातानाही तो नाकाला रुमाल लावायचा. "आई, घरात लक्ष्मी आलीय आन दारात हा वास. लोक काय बोलतील?"

सीताबाईला ते फार लागलं. त्या दिवसापासून बाजारातून आलं की ती माझ्यात बादल्यांनी पाणी ओतायची आणि खराट्याने घासायची. वास थोडा राहायचाच. मग तो दबावा म्हणून ओल्यावरच गोणपाट, त्यावर रबरी चटई, आणि वर एक उदबत्ती. मला आतून थंडगार, खारट आणि ओलंओलं वाटायचं. पण तिची माया बघून मी गप्प बसायची. बोलता येत असतं तरी मी काय बोलले असते, सांगा!

दोन हजार चार साली मला पंधरा वर्षं पूर्ण झाली. कायद्याने पुन्हा पासिंग करायला हवं, म्हणून चांगदेव मला ठाण्याला आरटीओत घेऊन गेला. साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिला. मग सीटवर बसून पाय जोरात दाबला आणि त्यांचा बूट चटईसकट तळातून खाली गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब शांतपणे म्हणाले, "काका, ही गाडी रस्त्यावर आणायची नाही. पत्रा नीट करून आणा, मग बघू. नाहीतर भंगारात द्या."

घरी भावेशचा चेहरा खुलला. आईचा बाजार बंद व्हावा असं त्याला कधीपासून वाटत होतं, आता गाडीनेच वाट करून दिली. काळूराम मेस्त्रीला त्याने नाक्यावरच्या गॅरेजात बाजूला घेतलं. मी तिथेच उभी होते, म्हणून ऐकलं.

"काळूकाका, खर्चाचा आकडा मोठा सांगा. पंधरा हजार सांगा. आई घाबरंल आन बाजार आपोआप सुटंल."

काळूराम डोकं खाजवत म्हणाला, "बघतो."

दुसऱ्या दिवशी सगळे गॅरेजात जमले. सीताबाई स्टुलावर बसली. काळूरामने चटई उचलली, गोणपाट उचललं, आणि स्क्रू ड्रायव्हरने टोचत गेला. जिथे टोचला तिथे आरपार. पुढे टोचला, मागे टोचला, सीटखाली टोचला. लाल भुगा खाली पडत होता. आधी तो मोठ्याने खर्च सांगत होता, मग पुटपुटू लागला, मग गप्पच झाला.

"किती?" सीताबाईने विचारलं.

"वैनी, खोटं कशाला बोलू? भावेशनं मना पंधरा सांगायला सांगितलं होतं. पण हे अठराच्या खाली व्हायचं न्हाय. तळ सगळा नवा घालायला लागंल. मिठाचं पाणी मुरलंय. त्याच्यावर झाकण घातलंत, म्हणून पत्रा कधी सुकलाच न्हाय."

सीताबाई उठली. लंगडत माझ्याजवळ आली आणि माझ्या दारावर हात ठेवला. "म्हणजे मीच मारली गो तुला," ती म्हणाली. मग ती भावेशकडे वळली. "आन तू? पंधरा कशाला सांगायला लावलेस?"

भावेशने मान खाली घातली. "लोक बोलतात आई. शेठची आई बाजारात सुकट विकते."

"मंग तसं तोंडावर बोलायचं व्हतं! मी भांडली असती तुझ्याशी, रडली असती. ह्या जल्ल्या वासापायी मी हिला पाण्यानं बुडवली, तू नाक दाबत होतास म्हणून. मना पैशाची गरज न्हाय रं. मना माझ्या जाग्यावर बसायचं हाय. तिथं मना सगळी नावानं हाक मारतात. घरात मी नुसती शेठची आई."

चांगदेव काळूरामला एवढंच म्हणाला, "तळ घाल नवा." सीताबाईने कमरेची पिशवी सोडायला घेतली, पण भावेशने तिचा हात धरला. "मी देतो," तो म्हणाला. "निम्मा तर मीच सडवलाय."

काळूरामने नवा पत्रा जोडला, ब्रेक बदलले, रंग मारला. दुसऱ्या खेपेला साहेबांनी तळ पाय आपटून आपटून पाहिला आणि मला पाच वर्षं दिली. चांगदेवने मला बाहेर काढताना इतका लांब हॉर्न वाजवला की साहेबही दचकले.

त्यानंतरच्या पहिल्या बाजाराला मला भावेशने चालवलं. गिअर त्याला सापडेना, मला चार झटके बसले, पण मी कुरकुर केली नाही. पडघ्याला पोचल्यावर तो खाऱ्याची टोपली उचलायला गेला, तेवढ्यात समोरून केसरीनाथ आला. हा केसरीनाथ म्हणजे भावेशच्या गोदामांचा मोठा भाडेकरू. "अरे भावेशशेठ, हे काय?"

भावेश थांबला. टोपलीतून मिठाचं पाणी त्याच्या पांढऱ्या शर्टावर गळत होतं. मला वाटलं, आता हा टोपली खाली ठेवतो की काय!

"आईचा माल हाय," तो म्हणाला. "घ्या पाव किलो, चांगला मुरलाय."

मित्रांनो, मी आता परतल्यावर चारही दारं उघडी टाकून उन्हात उभी असते. चटई कुंपणावर वाळत असते. वास सगळ्या आळीला येतो, येऊ दे! तुमच्या घरच्या गाडीची, सायकलची, यंत्राची अशीच काळजी घ्या. ओलं झाकू नका, उचलून बघत जा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस अजून काम करत असेल, तर ते बंद करायच्या आधी त्याला एकदा विचारा की तिथे तुला काय मिळतं. सीताबाईला हे कुणीच विचारलं नव्हतं. ते कळायला माझ्या तळाला भोक पडावं लागलं.