सादिकाची चाल

मीरासाहेबांनी क्लॅरिनेट पेटीत घातली, पेटी कपाटावर सरकवली आणि तिच्यावर जुनी चादर टाकली. गेलेल्या माणसावर टाकतात तशी. त्यांची लेक सादिका दारातून बघत होती. हे सगळं तिच्या एका शब्दामुळं झालं होतं.

त्याचं असं झालं. 'माळढोक' बँडला यंदा तीस वर्षं होत होती. ढोलकी, संबळ, दोन गिटार आणि मीरासाहेबांची क्लॅरिनेट घेऊन ही मंडळी कंपन्यांच्या खंडेनवमीला वाजवायला लागली, तेव्हा सादिका जन्मलीही नव्हती. गाणी तर त्यांची गाजलीच. पण पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या खऱ्या वेड्यांचा जीव अडकला होता तो बिनशब्दांच्या चालींत. त्या चालींना बँडनं कधी नावंच ठेवली नाहीत. मीरासाहेब म्हणायचे, "बोलच न्हाईत, तर नाव कशाला? ज्याला जे वाटंल ते त्यानं म्हणावं." फक्त एकीला त्यांनी स्वतः नाव दिलं होतं. लेक जन्मली त्या आठवड्यात बांधलेली, म्हणून 'सादिकाची'. स्टेजवरही ते तसंच सांगायचे.

तिसाव्या वर्षाच्या कार्यक्रमासाठी गिटारवाल्या सुजितनं टूम काढली. लोकांनी आपली आवडती बिनशब्दांची चाल गुणगुणायची आणि फोनवर पाठवायची. जिला मागणी जास्त, तिच्यावर कार्यक्रम संपवायचा. आवाज ढिगानं आले. ते ऐकायचं काम सुजितनं सादिकाच्या गळ्यात घातलं.

"घरीच असतेस की तू."

"हो ना, लोळत असते नुसती," सादिका म्हणाली. आठ महिन्यांची अलमास तेव्हा तिच्या वेणीला लोंबकळत होती.

मग ती ऐकायची. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये, नाहीतर झोळीला झोका देता देता. प्रत्येक जण आधी चालीचं नाव सांगायचा आणि मग गुणगुणायचा. सादिका नाव तेवढं ऐकून टिपायची आणि पुढच्यावर जायची. वेळ कुणाला होता?

"माझी 'सादिकाची' कितवी गं?" अब्बांनी सहज विचारलं होतं.

तिला खोटं बोलता आलं नाही. "शेवटची, अब्बा."

अब्बा हसले. "बरोबर हाय. गाण्याला लोक नाचतात. माझ्या फुंकण्याला चहा प्यायला उठतात." आणि सुजितला फोन करून सांगितलं, "यंदा मी न्हाई. दुसरा कोणतरी बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी सादिका अलमासला पाजत बसली होती. एक हात पोरीच्या डोक्याखाली, दुसरा तिनंच मुठीत धरून ठेवलेला. फोन आपल्या आपण एकेक आवाज वाजवत होता आणि पुढं ढकलायला बोट मोकळं नव्हतं. म्हणून पहिल्यांदाच एक आवाज शेवटपर्यंत वाजला. चाकणचा कुणी पोरगा होता, मागं कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्याची धडधड. "आपली कन्व्हेयर पाठवतोय, राव!" म्हणाला आणि भरधाव गुणगुणला.

अलमासनं दूध सोडलं. मान वळवून दाराकडं बघायला लागली. संध्याकाळी नाना, म्हणजे सादिकाचे अब्बा, आले की बघते, तशी.

"कोण आलंय? कुणी नाही गं," सादिका म्हणाली.

पुढच्या दोन चाली पोर निवांत प्यायली. मग हिंजवडीचा एक कॅबवाला लागला. मागं हॉर्नचा कल्लोळ. "ताई, जाममध्ये अडकलो की मला हीच लागते. सिग्नलवाली." त्याचा आवाज घोगरा, सूर जागेवर नाही. तरी अलमासची मान दाराकडं. मग चऱ्होलीची एक बाई, अगदी संथ. "आमी हिला विहीर म्हणतो. आमची विहीर बुजवून बिल्डिंग झाली. ही चाल लागली की मला पाणी दिसतं."

अलमास दाराकडं बघून हसली.

सादिका कान देऊन ऐकायला लागली. रोज संध्याकाळी अब्बा नातीला खांद्यावर टाकून जे गुणगुणतात, तेच होतं हे. कुणी पळवलं होतं, कुणी झोपवलं होतं, पण चाल एकच होती. जी तिच्या नावाची होती, तीच तिला ओळखू आली नव्हती.

मग तिनं सगळे आवाज पहिल्यापासून लावले, पुरते ऐकले आणि नावं सोडून चाली मोजल्या. 'सादिकाची' पहिली आली. डाळ करपली.

पोरीला कडेवर मारून ती डांगे चौकातल्या अब्बांच्या गॅरेजवर गेली. ते एका स्कूटरखाली वाकले होते. "अब्बा, काही बोलू नका. ऐका."

ऐकता ऐकता मीरासाहेब उकिडवे होते ते खाली बसले. एकामागून एक माणसं त्यांच्या चालीला भलत्याच नावांनी हाका मारत होती. चऱ्होलीच्या बाईपाशी त्यांनी हात वर केला.

"थांब. परत लाव."

तिनं लावलं.

"शेवटाला ही खाली उतरत न्हाई. वर जाती. मी असं बांधलं नव्हतं."

"चुकली असेल."

"चुकली?" त्यांनी तो शेवट स्वतः वर नेऊन गुणगुणून पाहिला. "इतकी वर्षं मला तिथं कायतरी कमी वाटायचं गं." मग फडक्याला हात पुसत उठले. "क्लॅरिनेटची पत्ती सुकून गेली असंल. अम्मीला म्हणावं, पाण्यात घालून ठेव."

कार्यक्रमाला थेरगावचं मैदान तुडुंब भरलं होतं. सादिकानं बजावल्यामुळं सुजितनं चालीचं नाव सांगितलंच नाही. मीरासाहेब पुढं आले, डोळे मिटले आणि पहिला सूर लागला.

"कन्व्हेयर! म्हटलं नव्हतं, भावा!" डावीकडून आरोळी आली.

"ए, सिग्नलवाली आहे ती!" मागून कुणी ओरडलं.

"आमची विहीर लागली गं बाई," पुढं बसलेली एक म्हातारी शेजारणीला सांगत होती.

घडीभर सगळे आपलीच जिंकली म्हणून नाचले. मग हळूहळू एकमेकांकडं बघायला लागले. ओरडणं थांबलं आणि त्या जागी गुणगुणणं सुरू झालं, आधी इथं तिथं, मग सगळ्या मैदानभर. शेवटच्या वळणाला मीरासाहेबांनी सूर वर नेला. जवळजवळ सगळ्यांनाच ते नवं होतं. तरीही सगळं मैदान त्यांच्यामागं वर गेलं.

सादिकाही गुणगुणत होती. तिच्या कडेवर अलमास मात्र पुरती गोंधळली होती. नाना समोर होते, आणि नाना चहूकडूनही येत होते. कुठल्या दाराकडं बघावं, तिला कळेना.