मधातली दवाई

रुपरावांचं वजन चार महिन्यांत एकोणसाठ किलोवरून सेहेचाळीसवर आलं. तूप खाल्लं की त्यांचं पोट मोडायचं, जुलाब व्हायचे, म्हणून त्यांच्या बायकोनं, गोपिकानं, तुपाचा डबा फळीवरून काढून कोठीत ठेवून दिला. रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी स्वादुपिंड निकामी झालं म्हणून कॅप्सूल दिल्या होत्या, दोनदा वाढवल्याही होत्या. आज वजनकाट्याकडे बघून त्या म्हणाल्या, "स्कॅन करू. दुसरं काही वाढतंय का, ते बघावं लागेल."

दुसरं काही म्हणजे काय, हे गोपिकाला कळलं.

"कॅप्सूल नीट घेता ना काका?"

"घेतो तर. पण मले त्या गिळवत नाहीत. आमची घरची त्या खोलते, आतले दाणे खलात घोटते अन् मधात चाटवते. चार लेकरं तिनं अशाच मात्रा देऊन वाढवली. एक वेळ चुकली नाही तिची." रुपराव कौतुकानं सांगत होते.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला.

"अन्न फोडायला शरीर पाचक रस बनवतं. भात-पोळीचा वेगळा, डाळीचा वेगळा, तुपाचा वेगळा. एकाचं काम दुसऱ्याला येत नाही. तुमच्या अंगात ते बनत नाहीत, म्हणून त्या दाण्यांत भरून देतो. दाण्याचं कवच जठरातल्या आंबटापासून त्यांना वाचवतं अन् आतड्यात गेल्यावर विरघळतं. घोटलं की कवच गेलं. मग औषध जठरातच मरतं, तुपाचं तर सगळ्यात आधी."

"म्हंजे चार महिने मी..." गोपिका म्हणाली.

"मीच आधी विचारायला हवं होतं. दाणे अख्खे ठेवा, सफरचंदाच्या थंड गरात, जेवताना पहिल्या घासाला. चावायचे नाहीत. स्कॅन मात्र करायचाच."

ऑटोत रुपराव रस्त्याकडे बघत बसले. शेवटी तीच म्हणाली, "बोला न काही. शिव्या तरी द्या."

"काहून देऊ वं? मध चांगला होता."

तिला हसू आलं नाही.

जेवायच्या वेळी गरात दाणे टाकताना तिचा अंगठा सवयीनं ते चिरडायला गेला. तिनं हात मागं घेतला.

"तूप वाढ," रुपराव म्हणाले.

"आज नको."

"वाढ वं. त्याचा रस आला का नाही, कसं समजन?"

तिनं अर्धा चमचा वाढला आणि स्वतःचं ताट न घेता त्यांच्या समोर बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती संडासाच्या दाराशी उभी होती. रुपराव बाहेर आले, पाय धुतले.

"मोडलं नाही," ते म्हणाले.

तिनं तुपाचा डबा पुन्हा फळीवर ठेवला. शुक्रवारच्या स्कॅनची चिठ्ठी उडू नये म्हणून त्याच डब्याखाली दाबली.