खालच्या रानाचा वाफसा

कोंडीरामची बायको गवराबाई गेल्याचं मोशीत कळलं ते न्याहारीच्या वेळी. तिला पुण्याच्या इस्पितळात ठेवल्यापासून तिचा भाऊ ज्योतीराम तिच्याजवळ होता. तोच आला. कोंडीराम बांधावर पेरणीच्या पाभरीच्या नळ्या साफ करत बसला होता. ज्योतीराम जवळ येऊन उभा राहिला. कोंडीरामनं वर बघितलं आणि हातातली नळी खाली ठेवली.

"पहाटं गेली, दाजी."

संध्याकाळी इंद्रायणीच्या काठी सगळं उरकलं.

घरात सुतक आलं. दहावा होईपर्यंत कोंडीरामला औत धरता येत नव्हतं, भावकीलाही नाही. इकडे परतीचा पाऊस उघडला होता आणि रान वाफशावर यायला लागलं होतं. माती अजून ओली असताना पेरलं तर चिखल होतो, उशीर झाला तर बी कोरड्यात पडतं. मधला वाफसा हुकला की रब्बीचा शाळू हुकला.

शेजारचा दौलतराव पडवीत येऊन बसला. तो भावकीतला नव्हता.

"पाभर मी धरतो. आमची ठकी चाड्यावर बियाची मूठ धरंल. तू फकस्त रान वाफशाला कवा आलं ते सांग."

"तुला कळत न्हाई व्हय?"

"माझं कळतं. तुझं वरचं मुरमाड, खालचं काळं. दोन्ही एका दिसात येत न्हाईत, एवढं ठावं हाय. बाकी वहिनीच सांगायच्या."

ते खरं होतं. कांद्याची रोपं लावून लावून गवराबाईच्या बोटांना माती कळत होती. ती उकिडवी बसून माती बघायची, तेव्हा कोंडीराम बैलांना पाणी दाखवायचा. "तुमी बैल बघा, रान मी बघते," असं ती म्हणायची, आणि त्यालाही ते बरं वाटायचं.

तो खालच्या रानात गेला. वरवरची मूठभर माती उचलली. भुसभुशीत लागली. आलंय, असं त्यानं दौलतरावला सांगून टाकलं.

दोन ओळी झाल्या नाहीत तोच पाभरीच्या फणांना चिखल चिकटला. नळ्या बुजल्या, बी पडेना. दौलतरावनं बैल थांबवले. त्याची बायको ठकुबाई ओटीतलं बी सावरत म्हणाली, "भावजी, बैलांना इचारलं असतं तरी त्यांनी बरं सांगितलं असतं."

कोंडीरामला हसू आलं. लगेच घरात जळत असलेला दिवा आठवला आणि तो ओशाळला.

"हसा की," ठकुबाई म्हणाली. "ती हसलीच असती. पन वरची माती कशाला बघितली? गवरा वीतभर खाली हात घालायची. वरची ओल ऊन खातं."

मग तो वरच्या तुकड्यात गेला. वीतभर उकरून माती काढली, अंगठ्यानं चोळली. नांगर धरून त्याचा अंगठा घट्ट्यांनी भरला होता. काही समजलं नाही. चिमूटभर दाताखाली धरली, तशी ती कचकचली. तळहातावर वळी करायला गेला, तर ती होता होताच मोडली. गोळा करून कमरेइतक्या उंचीवरून टाकला. तो फुटून पसरला.

"ह्ये पेर," तो म्हणाला.

दुपारपर्यंत वरचा तुकडा पेरून झाला. नळ्या एकदाही बुजल्या नाहीत.

खालच्या रानात त्यानं तेच केलं. माती दाताखाली लोण्यासारखी लागली. वळी लांब झाली, बोटाभोवती तिचं कडं झालं, कुठं चीर नाही. गोळा टाकला तर तो कणकेसारखा थापटून बसला. आत्ता औत फिरवलं तर ढेकळं वाळून दगड होतील आणि मुळांना आत वाट मिळणार नाही, एवढं त्याला आता कळलं.

तो रोज जायला लागला. ऊन चांगलं पडत होतं. कड्याला बारीक चिरा दिसू लागल्या. टाकल्यावर गोळ्याचे दोन तुकडे होऊ लागले, पण तो फुटून पसरत नव्हता.

"आज?" दौलतरावनं बांधावरून विचारलं.

कोंडीराम हातातल्या कड्याकडे बघत राहिला. चीर केवढी पडली म्हणजे झालं, हे विचारायला आता कोणी नव्हतं. उद्या ऊन कडक पडलं तर वरची ओल उडेल. आज पेरलं तर कदाचित पुन्हा चिखल.

"आज न्हाई."

"वहिनी एवढं छळत नव्हत्या राव," दौलतराव म्हणाला, आणि बैल घेऊन स्वतःच्या रानाकडे वळला.

कोंडीराम पुन्हा खाली बसला आणि त्यानं दुसऱ्या जागी हात घातला. खालचं काळं रान पेरायचं राहिलं होतं.