दादाचं वय सात

दादा एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत सुरक्षा पर्यवेक्षक होता आणि घरी आल्यावर तो फक्त गणवेश बदलायचा. घराच्या दाराला त्याने तीन कड्या बसवल्या होत्या, चपलांच्या कपाटावर कॅमेरा आणि फ्रिजला कुलूप. फ्रिजमध्ये बहुतेक वेळा अर्धं लिंबू असायचं. ते आजवर चोरीला गेलं नाही, हे तो कुलपाचं यश मानायचा.

त्याची धाकटी बहीण दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. चांगली सव्वीस वर्षांची, पण मोबाईलच्या मते तिचं वय नऊ होतं. झालं असं, की दादाने तिच्या फोनमध्ये मुलांवर लक्ष ठेवायचं एक ॲप टाकलं. ॲपने पहिल्याच पानावर बजावलं, की मोठ्या माणसावर अशी पाळत ठेवता येणार नाही. दादा अडला नाही. त्याने तिचं जन्मसाल बदललं. तेव्हापासून तिला साधा अलार्म बदलायचा तरी दादाची परवानगी लागायची आणि रोज संध्याकाळी पडद्यावर टोपी घातलेलं एक अस्वल येऊन फोनला कुलूप घालायचं आणि सांगायचं, "आता खेळ पुरे! उद्या भेटू!"

"असू दे गं," आई म्हणायची. "जिवापाड काळजी करतो तुझी."

तिने असूही दिलं असतं. पण एका मोठ्या लॅबच्या मालकीणबाईंनी तिला व्हिडिओ कॉलवर मुलाखतीला बोलावलं. दुसरं शहर, स्वतःचं टेबल, राहायला खोली, आणि त्या खोलीला एकच कडी. मुलाखत छान रंगली. शेवटी बाईंनी विचारलं, "एकटीने जबाबदारी घ्याल का?" तिने "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि अस्वल आलं.

"दादा, माझ्या नोकरीवर पाणी फिरवलंस!"

"संध्याकाळी कसली मुलाखत? चांगली माणसं दुपारी घेतात."

"लॅब बंद झाल्यावरच त्यांना वेळ मिळतो."

"बघ! लॅब बंद झाल्यावर! स्वतःच्या तोंडाने कबूल करतेयस."

बाई भल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी शेवटची एक संधी देते, म्हणाल्या. तेवढ्या एका संध्याकाळपुरतं अस्वल आवर, म्हणून तिने दादाच्या नाकदुऱ्या काढल्या. दादाने आधी चौकशी करायची म्हणून बाईंनाच फोन लावला. गेटवर विचारतो तसं पूर्ण नाव विचारलं, कुणाला भेटायचंय ते विचारलं, सोबत पिशवी आहे का तेही विचारलं.

"बाई संशयास्पद आहे," फोन ठेवत तो म्हणाला. "उत्तरं देताना चिडते. परवानगी नाही. चिमे, एक दिवस माझे आभार मानशील."

"मानणार ना," ती म्हणाली. "अगदी चारचौघांत मानणार."

आणि तिच्या डोक्यात काहीतरी खट्‌कन जागेवर बसलं. नीट मापाची कवळी बसते तसं.

दादा झोपेतसुद्धा कुणावर तरी दात खायचा. त्यासाठी दातांवर बसवायचं कव्हर तो कधीपासून मागत होता. तिने त्याला माप द्यायला लॅबमध्ये बोलावलं. दादाला एक खोड होती. ओला रंग, ताजं सिमेंट, फेविकॉल, काहीही दिसलं की वाळलंय का ते तो अंगठा दाबून बघायचा. त्याच्या इमारतीच्या नव्या गेटावर त्याचा अंगठा कायमचा उमटलेला होता. तिने मापाचा गुलाबी लगदा कालवला, ताटलीत पसरला आणि पाठ फिरवली.

"घट्ट झालं का गं?" मागून आवाज आला.

"बघ की तूच."

अंगठा गेला.

"काढू नकोस! हलवूही नकोस. नाहीतर माप बिघडेल."

"तोंडाचं माप ना? मग अंगठा कशाला?"

"दातांची ताकद अंगठ्यावरून कळते."

सगळ्या जगावर संशय घेणारा तिचा दादा बिनतक्रार ताटलीत अंगठा खुपसून उभा राहिला. वर म्हणाला, "माझी ताकद जास्तच निघेल." पुढे दुसऱ्या ताटलीत तिने त्याच्या दातांचंही माप घेतलं. ती कामात लबाडी करणारी नव्हती.

तो गेल्यावर तिने अंगठ्याच्या ठशात कवळीखाली लावतात ते मऊ रबर ओतलं. वाळल्यावर हातात आली ती दादाच्या अंगठ्याची पातळ टोपी, रेघन्‌रेघ शाबूत. दादाने स्वतःच्या फोनला आकड्यांचं कुलूप ठेवलंच नव्हतं. आकडे कुणीही चोरतं, तो म्हणायचा, अंगठा कोण चोरणार?

शनिवारी सकाळी दादा आंघोळीला गेला. आतून कडी लावली, ती ओढून पाहिली आणि गाऊ लागला. बाहेर फोन चार्जिंगला होता. तिने बोटावर टोपी चढवली आणि अंगठा टेकवला. 'स्वागत आहे,' फोन म्हणाला. त्या घरात तिला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

आधी तिने मुलांच्या जागेवरून स्वतःला काढलं. मग पालक म्हणून स्वतःला घातलं आणि मूल म्हणून दादाला. ॲपने मुलाचं वय विचारलं. नऊ लिहिणं न्यायाचं झालं असतं. तिने सात लिहिलं. न्यायावर तिचं भागणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये दादाचं व्याख्यान होतं, 'सुरक्षित फोन, सुरक्षित कुटुंब'. पहिल्या रांगेत आई. दादाने आपला फोन प्रोजेक्टरला जोडला होता, सेटिंग्ज कशा असाव्यात ते सगळ्यांना भिंतीवर दिसावं म्हणून.

"हा फोन," तो म्हणाला, "माझ्याशिवाय जगात कुणाचा बाप उघडू शकत नाही!"

भिंतीवर छताएवढं अस्वल उभं राहिलं. "आता खेळ पुरे! उद्या भेटू!" खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. आईने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "तू सात वर्षांचा आहेस. मोठ्यांना विचार."

दादाने अंगठा दाबला. अस्वलाने जांभई दिली. त्याने दुसरा अंगठा दाबला, मग दोन्ही दाबले.

"अरे, मोठ्यांना विचार म्हणतंय तर विचार की!" मागून एक आजोबा ओरडले, आणि हॉलमध्ये एकच खसखस पिकली.

ती बाहेर जिन्यात बसली होती. फोनवर दोन गोष्टी एकदमच आल्या. मालकीणबाईंचा कॉल आणि ॲपचा एक निरोप : 'तुमचं बाळ आणखी पंधरा मिनिटं मागतंय.' तिने कॉल घेतला.

"आज अस्वल नाही ना?" बाईंनी विचारलं.

"त्याला दुसरीकडे काम लागलंय."

तेवढ्यात प्रोजेक्टरची वायर गळ्यात लोंबत दादा जिन्यात आला. तिने कॉलवर आपला आवाज बंद केला.

"चिमे, काढ ते! लोक हसतायत!"

"दादा, मी अनोळखी बाईशी बोलतेय. आणि तू चिडतोयस. संशयास्पद वाटतं."

"तुझा फोन सोडतो मी. आत्ता सोडतो!"

"तो मी सकाळीच सोडवला."

"मग मला का अडकवलंयस?"

"तुझ्या भल्यासाठी," ती म्हणाली. "एक दिवस आभार मानशील."

दादा काही बोलणार होता. त्याने तोंड उघडलं. तिने आवाज पुन्हा सुरू केला, आणि ते तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिने ते डोळे भरून पाहून घेतलं.

"तर कुठे होतो आपण," बाई म्हणाल्या. "एकटीने जबाबदारी घ्याल का?"

"घेतलीच आहे," ती म्हणाली आणि बोलता बोलता बाळाच्या विनंतीखालच्या 'नाही'वर बोट ठेवलं. "सात वर्षांचा आहे. जरा हट्टी आहे, पण वळण लागेल."