कानसेनाची भिंत

गॅरेजच्या मागच्या रस्त्याला लाकडाच्या वखारीची लांबच लांब भिंत लागते. ब्रेकच्या आवाजाची तक्रार घेऊन कुणी आले की मिस्त्री गाडीच्या चारही काचा खाली करत, त्या भिंतीला जवळजवळ खेटून गाडी सावकाश नेत आणि ब्रेकवर पाय नुसता टेकवत. मोकळ्यावर आवाज चहूकडे पांगतो. भिंत तो जसाच्या तसा परत करते. जाताना गाडीची डावी बाजू भिंतीकडे, येताना उजवी. एवढ्यावर मिस्त्री सांगत, "पुढचं डावं चाक. पॅडवर काच चढलीय, गुळगुळीत झालाय." चाक उघडले की तेच निघे. शेजारच्या टायरवाल्याने त्यांचे नाव कानसेन ठेवले होते. "गाडीनं फक्त तान मारायची, ऐकायला आमचा कानसेन बसलाय," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि मिस्त्री खोटेखोटे रागावत.

अलीकडे मात्र ते नाव ऐकले की ते मान खाली घालून हातातल्या कामात शिरत.

सुरुवात मनगटावरच्या घड्याळापासून झाली होती. "अहो, तुमचं घड्याळ कधीचं टीटी करतंय, बंद करा ना," असे बायको म्हणाली तेव्हा त्यांनी घड्याळ कानाला लावले आणि ते मुके आहे असे त्यांना वाटले. त्यांनी सेल बदलून आणला. मग कुंपणातले रातकिडे गप्प झाले. ते त्यांनी हवामानावर ढकलले. माणसांचे बोलणे, इंजिनाची धडधड, लोखंडावर पडलेला हातोडा हे सारे पूर्वीसारखेच ठणठणीत ऐकू येत होते. आवाजाच्या शिडीच्या फक्त वरच्या पायऱ्या कुणी एकेक करून काढून नेत होते, आणि खाली उभ्या माणसाला शिडी अजून पुरी दिसत होती. मिस्त्री याबद्दल कुणाशी चकार शब्द बोलले नाहीत. चाके खोलणारे हात गावात शंभर होते. कान त्यांचे होते. ते गेले असतील तर मागे जो उरतो तो कोण, याचे उत्तर त्यांना नको होते.

अशात व्याह्यांची गाडी आली.

लेकीचे सासरे औषधांच्या दुकानात उभे राहून आयुष्य काढलेले गृहस्थ. बोलणेही पुडीत बांधून दिल्यासारखे, मोजके आणि स्वच्छ. सुनेला रोज सकाळी तिच्या कचेरीत सोडण्याचे आणि संध्याकाळी परत आणण्याचे काम त्यांनी हौसेने घेतले होते. कचेरी टेकडीच्या माथ्यावर, आणि परतीचा रस्ता सगळा उताराचा.

"विशेष काही नाही," व्याही म्हणाले, "ब्रेक लावला की गाडी जराशी नाराजी व्यक्त करते."

"नाराजी काढूया की! सुनेला घेऊन फिरते, लाड तर होणारच तिचे."

मिस्त्री गाडी एकट्यानेच भिंतीशी घेऊन गेले. पाय टेकवताच मागच्या उजव्या चाकातून जाडसर घरघर आली, घसा बसलेल्या माणसासारखी. त्यांच्या छातीवरचा दगड उतरला. ऐकू येत होते; सारे काही ऐकू येत होते! परत येऊन त्यांनी मागचे ड्रम उघडले. आत काळी भुकटी साचली होती आणि ड्रमला घासणारे लायनर रिव्हेटपर्यंत झिजले होते. त्यांनी नवे लायनर घातले, ड्रम पुसून काढला. मग पुढच्या चाकांच्या फटीतून डोकावून पाहिले. बाहेरचे पॅड चांगले जाड होते. आतला पॅड चाक काढल्याखेरीज दिसत नाही. पण त्याला एक पोलादी पत्ती लावलेली असते, आणि पॅड झिजत आला की ती चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, म्हणजे डिस्कला, घासून किंचाळते. किंचाळणे हेच तिचे काम. किंचाळली असती तर आपल्याला ऐकू आले असते, असे मनाशी म्हणत मिस्त्री हात धुवायला गेले.

"बघा आता," किल्ली देताना ते म्हणाले, "गाडीनं मौन धरलंय."

व्याही गाडी घेऊन फाटकापर्यंत गेले, तिथे थांबले, क्षणभर मागे वळून पाहिले, काहीतरी बोलावे असे त्यांच्या चेहऱ्यावर आले. मग त्यांनी नुसता हात हलवला.

पुढच्या आठवड्यात लेकीचा फोन आला. "बाबा, गाडी अजून ओरडतेय. मी कधीची म्हणतेय दाखवून आणू, तर मामंजी म्हणतात, राहू दे, मिस्त्रींना वाईट वाटेल. आज मी त्यांना ओढून आणतेय. चहा टाकून ठेवा, नाहीतर ते फाटकातूनच परत जातील."

चहा उकळत असतानाच टायरवाला रस्त्याच्या टोकाकडे बघून ओरडला, "कानसेन, आली रे तुझी शिट्टी!"

मिस्त्रींनी मान वर केली. व्याह्यांची गाडी वळणावरून येत होती. ती येत होती, हळू होत होती, दारात थांबली. आणि एवढ्या वेळात त्यांना टायरचा खसखसाट आणि इंजिनाचे घुमणे याशिवाय काही ऐकू आले नाही. टायरवाल्याने कानात बोट घालून हलवले. हा आपला नेहमीचा वात्रटपणा, असे मिस्त्रींनी ठरवून टाकले.

"बसा सगळे," ते म्हणाले. "भिंतीशी जाऊन येऊ."

व्याही शेजारी बसले, लेक मागे. काचा खाली झाल्या. भिंत जवळ आली. तिच्यावरचा उन्हाने भाजलेला चुना, मधूनच गेलेले पोपडे, वर बसवलेल्या काचांचे तुकडे सावकाश मागे सरकू लागले. मिस्त्रींनी ब्रेकवर पाय टेकवला आणि डोके खिडकीकडे कलते केले. ही त्यांची जुनी ढब होती. मागच्या चाकाची घरघर गेलेली होती. भिंतीकडून परत येत होती ती नुसती एक गुळगुळीत शांतता.

"बघा, काही नाही," ते म्हणाले.

 व्याही समोरच्या काचेवरच्या एका डागाकडे अतिशय सभ्यपणे बघत राहिले होते. म्हणून मिस्त्रींनी आरशात पाहिले.

मागे लेकीने दोन्ही हातांनी कान दाबून धरले होते. डोळे मिटलेले, खांदे वर चढलेले, दात एकमेकांवर घट्ट. त्यांनी पाय उचलला. तिने हात खाली घेतले. त्यांनी पुन्हा पाय टेकवला, आणि आरशातले हात पुन्हा कानांवर गेले. जणू त्यांचा पाय आणि तिचे हात एकाच तारेने बांधलेले होते, आणि ती तार मधल्या मध्ये त्यांना वगळून जात होती.

त्यांनी गाडी भिंतीशीच उभी केली.

अजून वेळ गेलेली नव्हती. धूळ असेल, नवे लायनर बसायला वेळ घेते, असे काहीही म्हणता आले असते. कानसेनाच्या तोंडचे कुणीही खरे मानले असते. पण आवाज आहे एवढे कळून भागत नव्हते. कोणत्या चाकात, ते कळायला हवे होते, आणि ते भिंत आता त्यांना सांगत नव्हती. आणि या गाडीने लेक रोज तो उतार उतरत होती.

"कुठल्या बाजूनं येतो गं?" त्यांनी विचारले.

आयुष्यात हा प्रश्न त्यांनी गिऱ्हाईकाला कधी विचारला नव्हता.

"बाबा, गंमत करताय?" लेक म्हणाली. "टायरवाल्या काकांना तिथपर्यंत ऐकू गेला, आणि तुम्ही..." ती थांबली. आरशात दोघांची नजर भिडली. "बाबा?"

"घड्याळही ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाले. ते स्टिअरिंगकडे बघत बोलत होते. "रातकिडेसुद्धा नाहीत. बारीक, वरचं असलं काहीच नाही. तुझ्या आईला ठाऊक नाही. कुणालाच नाही." मग शेजारी वळून, "व्याहीबुवा, मागच्या वेळी तुमची गाडी मी तशीच परत पाठवली. लाज वाटते सांगायला."

व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"फाटकाशी थांबलो होतो ना मी," ते म्हणाले, "तेव्हाच कळलं होतं. गाडी केकाटत होती आणि तुम्ही हसून हात हलवत होता. म्हटलं, सुनेच्या वडिलांना त्यांच्याच गॅरेजात, त्यांच्याच धंद्यातलं कसं सुनावायचं? म्हणून गप्प बसलो. आठवडाभर त्या उतारावर गाडी ओरडतेय, सूनबाई ओरडतेय, आणि मी सौजन्य पाळतोय."

"दोघांनाही कळतंय का," मागून लेक कडाडली, "की त्या गाडीत मी बसते? एकाला ऐकू येत नाही आणि एकाला बोलता येत नाही! सोयरीक जमवताना हे बरं कुणी सांगितलं नाही मला."

व्याही आधी हसले. मिस्त्रींना हसू यायला थोडा वेळ लागला.

"पुढून येतो," ती मग खालच्या आवाजात म्हणाली. "डावीकडून. भिंतीच्या बाजूनं."

गॅरेजात येऊन त्यांनी जॅक लावला आणि पुढचे डावे चाक उतरवले. बाहेरचा पॅड पाहिल्याप्रमाणेच जाड होता. त्यांनी कॅलिपर सोडवला, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून आवळणारा तो लोखंडी चिमटा, आणि ब्रेकच्या नळीवर ताण येऊ नये म्हणून तारेने वर टांगून ठेवला. मग आतला पॅड काढून तळहातावर घेतला. त्यावर घासायचा मसाला नखाएवढाही उरला नव्हता. एका कडेला तर धातू उघडा पडण्याच्या बेतात होता, आणि बाजूची पोलादी पत्ती घासून घासून आरशासारखी चकाकत होती. आठवडाभर ती आपले काम इमानाने करत होती.

तो पॅड बराच वेळ त्यांच्या हातात राहिला. व्याही वाकून बघत होते. 

"कॅलिपर या पिनेवर सरकतो," मिस्त्री म्हणाले आणि पिन धरून हलवली. ती हलेना. "गंजून धरलीय. ब्रेक सोडला तरी आतला पॅड डिस्कला चिकटलेलाच राहतो, तोच झिजतो. बाहेरचा आरामात. घरात एकानंच राबावं तसं." पाना लावून, तेल सोडून, पुढेमागे पिळत त्यांनी ती पिन बाहेर काढली, काचपेपरने गंज उतरवला, खास ब्रेकचे ग्रीस लावले आणि बोटाने ढकलून पाहिली. आता ती लोण्यातून गेल्यासारखी सरकत होती. डिस्कवर अंगठा फिरवून त्यांनी डोळे मिटले. चरे उथळ होते, डिस्क वाचली होती. अंगठ्याला हे पूर्वीही कळत असणार. त्याला विचारायची वेळ आली नव्हती, एवढेच.

मग कुणी सांगितले नसताना त्यांनी उजवे चाकही उतरवले, तिथलीही पिन तपासली, आणि दोन्हीकडे नवे पॅड बसवले. शेवटी गाडीत बसून पेडल पुन्हा पुन्हा दाबले. पहिल्यांदा ते पोकळ जमिनीत जावे तसे खाली गेले, मग हळूहळू घट्ट होत तळपायाला भिडले.

टायरवाला दारात येऊन उभा होता. "काय कानसेन, सापडला का सूर?"

मिस्त्रींनी हात पुसले. नेहमीचे लटके रागावणे त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. "सापडला," ते म्हणाले. "मला नाही ऐकू आला, लेकीला आला. यापुढं आवाजाची गाडी आली की तू चल भिंतीशी माझ्याबरोबर. तुझे कान नाहीतरी रिकामेच असतात."

टायरवाल्याने त्यांच्याकडे नीट पाहिले. "चहाचं काय?" तो म्हणाला. "फुकट नाही ऐकणार मी."

"यांना आधी कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे मी," लेक म्हणाली, "आणि आईला मी सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं."

"ते ब्रेकपेक्षा अवघड आहे," मिस्त्री म्हणाले.

भिंतीशी पुन्हा तिघेच गेले. ऊन कलले होते आणि गाडीची सावली भिंतीवर त्यांच्याबरोबर चालत होती. मिस्त्रींनी पाय टेकवला. डोके खिडकीकडे कलले नाही. त्यांनी आरशात पाहिले. लेकीचे हात मांडीवर होते. त्यांनी जरा जोराने दाबले. हात मांडीवरच होते.

"काही येतंय?" त्यांनी विचारले.

ती ऐकत राहिली. "येतंय," ती म्हणाली, आणि त्यांचा पाय ताठरला. "गाडीतून नाही, बाबा. चिमण्या आहेत."

मिस्त्रींनी गाडी थांबवली आणि वर पाहिले. भिंतीच्या माथ्यावर, काचांच्या तुकड्यांमधून जागा काढून, चिमण्यांची रांग बसली होती. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या.

"पुष्कळ आहेत," ते म्हणाले.

मग त्यांनी गाडी वळवली. उजवी बाजू अजून ऐकायची राहिली होती.