केळ्यावरची करणी

लांजीच्या बाजारात मंडपाबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि आत धागेवाले महाराज लोकांच्या थुंकीतून करणी उपसत होते. भक्तानं मिठाच्या पाण्याची चूळ ग्लासात टाकायची, महाराजांनी त्यात फेसाळ ‘गोमुखतीर्थ’ ढवळायचं, वरून थर्मासातलं थंडगार ‘हिमालयजल’ अलगद सोडायचं. की पांढरे लिबलिबीत धागे तरंगत वर!

“निकल, डायन, निकल!” महाराज गरजायचे. मंडप हात जोडायचा.

अपेक्षा बंगळूरच्या प्रयोगशाळेत पेशींमधला आरएनए काढून त्याची अक्षरं कॉम्प्युटरवर वाचायची. सुट्टीत गावी आल्यावर तिला हे धागे बघताक्षणी ओळखू आले. पण हसायची सोय नव्हती. काल तिच्या हेमराजकाकाच्या चुळीतून धागे निघाले, महाराजांनी पाठदुखीचं खापर ‘घरातल्या विधवेवर’ फोडलं, आणि काकानं विमलाबाईची, म्हणजे सख्ख्या वहिनीची, कपड्यांची पेटी घराबाहेर अंगणात आणून ठेवली. बिचारी तेव्हापासून जेवली नव्हती.

काकाला ओढतच घेऊन अपेक्षा पुढं झाली. हातात गडवा, छोटा तांब्या.

“महाराज, भावाची चूळ आणली. त्याले येता येत नाही.”

तीर्थ पडलं, जल पडलं. धागेच धागे!

“बाप रे! लडका गुमसुम रहता है ना?”

“हौ महाराज. एक शब्द बोलत नाही.”

“पिवळा पडला?”

“पार पिवळा! आता तं काळे डागही पडून राह्यले.”

“एका विधवेनं त्याची चामडी सोलली!”

“नाही जी, मीच सोलली,” म्हणत अपेक्षानं पिशवीतून साल काढली. “केळं होतं. कुस्करून मिठाच्या पाण्यात गाळलं.”

मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मंडप कोसळायचाच बाकी राहिला.

“पण माह्या थुंकीत काहून निघाले?” काका अडून बसला.

“सगळ्याइच्या निघते, काका. तोंडातल्या पेशी चुळीत येते. हे तीर्थ म्हणजे साबण, तो पेशी फोडते. मीठ अन् थंड स्पिरिटनं आतला डीएनए धाग्यासारखा वर येते. वास घेऊन पाहा.”

काकानं थर्मास हुंगला. “हे तं इंजेक्शनच्या आधी लावते ते!”

तोवर महाराज मागच्या कनातीतून पसार.

काका घरी आला, अंगणात मान खाली घालून उभा राहिला. “वहिनी, चुकलं माह्यं.”

“पेटी आत ने आधी,” विमलाबाई म्हणाल्या, “अन् पाठ डॉक्टरले दाखव.”

तो धागा तुमच्याआमच्या सगळ्यांच्या अंगात आहे. तो दाखवून कोणी घरच्या बाईकडे बोट केलं, तर हात जोडू नका. ग्लासात काय ओतलं, ते विचारा.